गाडी महिनाभर धावते, पण पैसा उरत नाही: दोष डिझेलमध्ये आहे की हिशेबात?

लक्षणे

महिना संपतो, गाडी साताठ हजार किलोमीटर धावलेली असते, एकही भाडे सोडलेले नसते आणि तरीही हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे कमी पडतात. हे मुख्य लक्षण आहे. त्याच्या जोडीला बहुधा पुढच्या गोष्टी दिसतात. पंपावरची उधारी दर महिन्याला थोडी थोडी वाढत जाते. टायर किंवा विमा आला की कोणाकडून तरी हातउसने घ्यावे लागतात. पूर्वी गाडी लिटरला चार किलोमीटरचे ॲव्हरेज देत होती, आता साडेतीनच देते असे वाटते, पण खात्रीने सांगता येत नाही. ट्रान्सपोर्ट ऑफिसांकडे आपली किती बाकी अडकली आहे असे घरातल्या कोणी विचारले, तर नेमका आकडा तोंडावर येत नाही. यांपैकी तीन गोष्टी एकत्र दिसत असतील, तर खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात.

मी कोल्हापूर, पुणे, भिवंडी या पट्ट्यात स्वतःची दहा चाकी गाडी स्वतः चालवतो. जाताना शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीचे कास्टिंग, कधी साखर, कधी गूळ असतो आणि येताना भिवंडीच्या गोदामांतून जो माल मिळेल तो. ही अडचण मी माझ्या गाडीवर तीन वेळा आणि ओळखीच्या गाडीमालकांबरोबर बसून त्याहून कितीतरी अधिक वेळा सोडवली आहे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट आढळली: गाडी जास्त डिझेल पिणे आणि भाड्याचा पैसा कमी किंवा उशिरा येणे हे दोन वेगळे दोष आहेत, पण दोन्हींची लक्षणे बाहेरून अगदी सारखी दिसतात. दोष कोणता हे न ठरवताच कोणी इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून देतो, कोणी गाडीवर वाढीव कर्ज उचलतो, आणि दोन्ही वेळा पैसा चुकीच्या जागी जातो.

खालचे हिशेब २८.५ टन पासिंगच्या (मालासह एकूण मंजूर वजनाच्या) दहा चाकी गाडीचे असून डिझेल ९० रुपये लिटर धरले आहे. आपल्या गाडीचे आणि आपल्या पंपाचे आकडे घालून ते पुन्हा करावेत.

१. ॲव्हरेज खरोखर पडले आहे का?

या तपासणीला एक वही लागते, दुसरे काही नाही. एकाच पंपावर, शक्यतो पंपाच्या त्याच नळीवर, गाडी सपाट जागी उभी करून टाकी गळ्यापर्यंत भरावी आणि मीटरचे किलोमीटर लिहावेत. पुढच्या वेळी पुन्हा तशीच गळ्यापर्यंत भरावी, आणि अशा सलग तीन टाक्यांचे लिटर व किलोमीटर एकत्र करून मगच भागाकार करावा. एका टाकीवर विश्वास का ठेवू नये, याचे कारण सोपे आहे. शंभर लिटर भरताना दहा लिटरची जागा रिकामी राहिली, तर हिशेब दहा टक्क्यांनी चुकतो. तीनशे लिटरवर तीच चूक तीन टक्क्यांवर येते.

वहीत प्रत्येक टाकीसमोर आणखी एक रकाना हवा: त्यातले किती किलोमीटर भरलेले आणि किती रिकामे. माझी गाडी भरलेली असताना ३.६ आणि रिकामी असताना ५.४ किलोमीटर देते. महिन्याच्या ८,००० किलोमीटरपैकी ५,६०० भरलेले आणि २,४०० रिकामे असतील, तर बरोबर २,००० लिटर लागतात आणि ॲव्हरेज ४ येते. हीच गाडी सगळा महिना भरलेलीच धावली, तर ॲव्हरेज ३.६ येईल, आणि गाडीत काडीचाही दोष नसेल. माझ्या ओळखीच्या एका गाडीमालकाने चारवरून ३.७ वर आलेले ॲव्हरेज पाहून नोझल आणि इंजिनचा डिझेल पंप दोन्ही उघडायला लावले होते. आम्ही नंतर त्याच्या बिल्ट्या (प्रत्येक भाड्याच्या मालाच्या पावत्या) तारखेप्रमाणे जमिनीवर मांडल्या, तेव्हा लक्षात आले की त्या दोन महिन्यांत त्याला परतीचे भाडे प्रत्येक फेरीला मिळाले होते. गाडी अधिक कमावत होती, म्हणून अधिक डिझेल घेत होती.

टायरचाही येथे संबंध येतो आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चाकाचे फेरे मोजूनच मीटर किलोमीटर दाखवते. टायर घासून दीड सेंटिमीटर झिजला की चाकाचा व्यास तीन सेंटिमीटरने कमी होतो, चाक तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेते, आणि मीटर खऱ्यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त किलोमीटर दाखवते. मागच्या चाकांना नवे टायर घातल्याबरोबर ही वाढ नाहीशी होते आणि ॲव्हरेज पडल्यासारखे दिसते. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून पन्नास किलोमीटर मोजून मीटरशी ताडून पाहिले, की हा संशय मिटतो.

पंपाच्या मापाविषयी शंका असेल, तर वाद घालण्यापेक्षा माप मागावे. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितल्यावर त्यात डिझेल ओतून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त कमी भरले तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते.

आता पहिला निर्णय घ्यायचा आहे. भरलेल्या आणि रिकाम्या किलोमीटरचा हिशेब लावूनही ॲव्हरेज पूर्वीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त पडले असेल, तर दोष गाडीत किंवा चालवण्यात आहे. पुढचे दोन ते पाच हे मुद्दे पाहावेत. तसे नसेल, तर गाडीला हात न लावता थेट सहाव्या मुद्द्याकडे जावे. हा फरक किती मोठा असतो हेही सांगतो. चारचे ॲव्हरेज ३.६ झाले, तर ८,००० किलोमीटरला २२२ लिटर जास्त लागतात, म्हणजे महिन्याला जवळपास २०,००० रुपये.

२. चालवण्याच्या सवयी

याला पैसा लागत नाही, पण स्वतःचे चालवणे स्वतः तपासणे अवघड असते, म्हणून एका फेरीपुरते तरी लिहून ठेवावे. गोदामाच्या रांगेत उभी गाडी चालू ठेवणे हा पहिला खर्च. मी माझ्या गाडीचे मोजले, तेव्हा तासाला साधारण दोन लिटर जात होते. भिवंडीत सहा तासांच्या रांगेत गाडी चालू राहिली, तर हजार रुपयांहून जास्त डिझेल एक किलोमीटरही न चालता जळते. नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये आता एसी बंधनकारक आहे आणि चालकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. अशा नव्या गाडीत उभ्याने एसी किती वेळ चालतो, तेही या हिशेबात धरावे लागते.

दुसरा खर्च वेगाचा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताडपत्रीने उंच बांधलेली गाडी ऐंशीने पळवणे आणि साठने चालवणे यांत जो फरक पडतो, तो सातारा ते कोल्हापूरच्या सपाट रस्त्यावर सहज मोजता येतो. वेळेचा फायदा अर्ध्या तासाचा असतो आणि तो अर्धा तास पुढच्या रांगेत जातो.

तिसरी सवय धोक्याची आहे. खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचते, असा समज अजूनही पक्का आहे. प्रत्यक्षात गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना डिझेल पंप इंजिनाला डिझेल देणे जवळजवळ थांबवतो, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर पडतो, ड्रम तापतात आणि तापलेला ड्रम धरत नाही. या सवयीने डिझेल वाचत नाही, आणि जिवाला धोका होतो.

३. टायरमधली हवा

लाकडी दांडक्याने टायर ठोकून हवा कळते, असे आपण सर्वजण मानतो. ठोकून पंक्चर कळते. वीस पाउंड हवा कमी आहे हे कळत नाही. काही शे रुपयांचा स्वतःचा गेज घ्यावा आणि सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजावी. धावलेल्या टायरमध्ये उष्णतेने दाब वाढलेला असतो, म्हणून दुपारी ढाब्यावर मोजलेली हवा पुरेशी वाटली, तरी ती पुरेशी नसते. दाब किती हवा हे टायर कंपनीच्या तक्त्यातून, आपल्या भारानुसार पाहावे. हवावाल्याच्या अंदाजावर सोडू नये.

मागच्या जोडीतले आतले टायर सर्वांत दुर्लक्षित असतात, कारण त्यांच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही. एक्स्टेन्शन लावून घेतले, की ही अडचण जाते. आतल्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर बाहेरचा टायर दोघांचा भार घेतो, तापतो आणि एके दिवशी फुटतो. त्या वेळी जाणारा पैसा डिझेलच्या कितीतरी पट असतो. पुढचे टायर एका कडेने घासत असतील, किंवा रबरावरून हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखे लागत असेल, तर अलाइनमेंट बिघडली आहे आणि गाडी स्वतःचीच चाके फरपटत नेते आहे.

४. गळती, चोरी आणि फिल्टर

रात्री गाडी उभी केली त्या जागी सकाळी टॉर्च घेऊन खाली पाहावे. टाकीच्या तळाशी, फिल्टरच्या सांध्याशी आणि रिटर्न पाइपावर धूळ ओली होऊन चिकटलेली दिसली, तर तेथे डिझेल झिरपते आहे. टाकीच्या झाकणाचे कुलूप आणि गळ्यातली जाळी यांचा खर्च एका रात्रीच्या चोरीपेक्षा कमी आहे.

एअर फिल्टरच्या डब्यावरचा इंडिकेटर लाल झाला असेल, तर फिल्टर बदलावा. हवेच्या जोरदार झोताने तो झाडून परत घालण्याची पद्धत आहे, पण त्याने कागदाला बारीक छिद्रे पडतात आणि आत गेलेली धूळ टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) व पिस्टन खाते. इंटरकूलरच्या रबरी पाइपांवर क्लिपजवळ काळसर तेलकट डाग आणि चढावर गाडी ओढताना शिट्टीसारखा आवाज, ही दोन चिन्हे एकत्र दिसली, तर टर्बोची हवा बाहेर जाते आहे. क्लिप कसण्याचे काम पाच मिनिटांचे असते. डिझेल फिल्टरच्या खालचा पाणी काढण्याचा बोल्ट दर आठवड्याला सैल करून पाणी काढावे, पावसाळ्यात तर न चुकता.

५. ब्रेक चिकटतो आहे का?

हा दोष मला सर्वांत जास्त वेळा सापडला आहे. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर, जोरात ब्रेक न मारता गाडी चालवावी आणि बाजूला घेऊन ती हळूहळू आपोआप थांबू द्यावी. उतरून प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हाताचा मागचा भाग न्यावा, पण ड्रमला स्पर्श करू नये. पाच ड्रमशी कोमट ऊब आणि सहाव्याशी इस्त्रीसारखी धग लागली, ब्रेकच्या जळक्या लायनरचा तो कडवट वास आला, की दोष सापडला. एका पावसाळ्यात माझ्या गाडीचा डावीकडचा मधला ड्रम असाच धगधगत होता. गंजलेली रिटर्न स्प्रिंग लायनरला पूर्ण मागे घेत नव्हती, आणि त्या एका स्प्रिंगपायी मी दोन महिने इंजिनाला दोष देत होतो.

येथे थांबावे आणि मेकॅनिककडे जावे. ब्रेक चिकटतो आहे हे शोधणे आपले काम. तो खोलणे, स्लॅक ॲडजस्टर बसवणे आणि एअरची लाइन तपासणे हे ब्रेकच्या मेकॅनिकचे. असा ब्रेक घेऊन भरल्या गाडीने घाट उतरू नये, मग पलीकडे कितीही तातडीचे भाडे असो. त्याचप्रमाणे धुराचा रंगही स्वतः फक्त पाहावा. फिल्टर बदलूनही चढावर काळा धूर येत राहणे, निळसर धूर आणि इंजिन ऑइलची घट, किंवा पांढरा धूर आणि रेडिएटरचे पाणी कमी होणे, या तिन्ही परिस्थितींत नोझल, टर्बो किंवा हेड गॅस्केटचा प्रश्न असतो, आणि तो टेस्ट बेंच असलेल्या जाणकाराकडेच सोडवून घ्यावा. बीएस ६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीचा इंजिनचा दिवा लागला आणि ताकद कमी झाली, तर स्कॅनर लावल्याशिवाय काहीही बदलू नये. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या टाकीत शेतीचा युरिया पाण्यात कालवून घालणे किंवा ती यंत्रणा फसवणारे डबे बसवणे हे दोन्ही उपाय अखेर सायलेन्सरची संपूर्ण यंत्रणा बदलायला लावतात. ते द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे असते आणि खतातली अशुद्ध द्रव्ये आतला कॅटलिस्ट कायमचा निकामी करतात.

६. एका किलोमीटरचा खर्च आणि रिकामे किलोमीटर

ॲव्हरेज ठीक असूनही पैसा उरत नसेल, तर खरी तपासणी येथे सुरू होते. ८,००० किलोमीटरच्या महिन्याचा माझ्या गाडीचा हिशेब असा आहे. डिझेल किलोमीटरला २२.५० रुपये, टोल ५, टायर २.५०, दुरुस्ती आणि ऑइल १.५०. हा झाला चालण्याचा खर्च, ३१.५० रुपये. गाडी उभी असो वा धावत असो, कर्जाचा हप्ता ५२,०००, विमा, कर, परमिट आणि पासिंगची (आरटीओच्या तपासणीची) महिन्याची वाटणी ११,००० आणि माझा स्वतःचा पगार २५,०००, म्हणजे ८८,००० रुपये लागतातच. ते किलोमीटरला ११ रुपये होतात. एकूण ४२.५० रुपये. स्वतःचा पगार न धरणारे गाडीमालक नफ्याचा आकडा दरमहा चुकीचा काढतात, आणि मग घरखर्च डिझेलच्या पैशांतून जातो.

आता भाडे भरलेल्या किलोमीटरला ६० रुपये मिळते असे धरू. ४२.५० खर्चावर ६० रुपये म्हणजे चांगला नफा वाटतो. पण ५,६०० भरलेल्या किलोमीटरचे ३,३६,००० रुपये येतात आणि ८,००० किलोमीटरचा खर्च ३,४०,००० रुपये होतो. चार हजारांचा तोटा! रिकामे किलोमीटर २,४०० वरून १,६०० वर आणले, तर त्याच भाड्याने ४८,००० रुपये जास्त येतात आणि भरलेल्या गाडीचे वाढीव डिझेल सुमारे साडेसहा हजारांचे. एवढा फरक कोणत्याही नोझलमधून निघत नाही.

म्हणून परतीचे भाडे घ्यावे की नाही, हा निर्णय अंदाजाने नव्हे तर दोन आकड्यांनी करावा. पहिला आकडा असा: रिकाम्या गाडीला डिझेल किलोमीटरला १६.६७ रुपये लागते, भरलेल्या गाडीला २५. टोल दोन्ही वेळा तोच. म्हणजे परतीचा माल उचलल्याने डिझेलचा खर्च फक्त ८.३३ रुपयांनी वाढतो. दुसरा आकडा असा: ८८,००० भागिले ३०, म्हणजे उभ्या गाडीचा एक दिवस २,९३३ रुपयांचा. भिवंडीहून कोल्हापूरच्या सुमारे ३९० किलोमीटरला किलोमीटरमागे ३० रुपये, म्हणजे ११,७०० रुपये मिळत असतील, तर वाढीव डिझेल वजा जाता ८,४५० रुपये राहतात. त्यासाठी एक दिवस थांबणे परवडते, दोन दिवसही कसेबसे परवडतात, तिसऱ्या दिवशी हातात काही राहत नाही; आणि कोल्हापुरात पुढचा माल तयार असेल, तर दुसरा दिवसही थांबू नये.

भाडे ठरवतानाच वाराई, हमाली (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे) आणि हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) कोणी द्यायचे हे बिल्टीवर लिहून घ्यावे. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ हे वाक्य आपल्या व्यवसायात सर्वांना पाठ आहे, पण कागदावर नसेल, तर गोदामाच्या दारात त्याचा उपयोग होत नाही.

जास्त टन भरून तूट काढण्याचा विचार मनात येतो, तोही येथेच तपासून घ्यावा. जुलै २०१८ मध्ये तीन एक्सलच्या गाडीची एकूण वजनाची मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यापुढच्या भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही गाडीवाल्याचा. एकदा काट्यावर सापडले, की महिन्याची कमाई गेली.

७. अडकलेली बाकी

येणे बाकीची यादी करण्यास खर्च नाही, पण मनाला ते जड जाते; आठवण करून द्यायची म्हणजे संबंध बिघडतील अशी भीती असते. तरीही करावी. एका पानावर ट्रान्सपोर्ट ऑफिस, बिल्टीचा क्रमांक, पोच दिल्याची तारीख आणि रक्कम एवढेच लिहावे. भाड्याच्या २० टक्के बाकी दोन महिने उशिरा येत असेल, तर माझ्या हिशेबात १,३४,४०० रुपये कायम बाहेर असतात. ती उणीव भरण्यासाठी शेकडा तीनने पैसे उचलले, तर महिन्याला ४,०३२ रुपये व्याज जाते. गाडीमालक हे व्याज ‘किरकोळ खर्च’ म्हणून लिहितो आणि दोष डिझेलच्या दराला देतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पोच. माल उतरल्यावर सही-शिक्क्याच्या पोचपावतीचा फोटो त्याच क्षणी पाठवावा आणि मूळ प्रत पहिल्या टपालाने किंवा स्वतः द्यावी. पोच मिळाली नाही, हे बाकी थांबवण्याचे नेहमीचे कारण असते, आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. दुसरा उपाय उद्यम नोंदणीचा आहे. ती विनामूल्य असून मालवाहतूक ही सेवा तिच्यात बसते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला, तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. बिलावर उद्यम क्रमांक छापला, की मोठ्या कंपन्यांचे हिशेब विभाग ते बिल वेगळे काढतात, हा माझा अनुभव आहे.

भाड्यातून टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापला जात असेल, तर तेही पाहावे. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या वाहतूकदाराने पॅन आणि तसे घोषणापत्र दिले, तर कपात होत नाही. पॅनच दिला नाही, तर २० टक्के कापले जातात. कापले गेलेले पैसे विवरणपत्र भरूनच परत मिळतात, तोपर्यंत ते आपल्या डिझेलचे पैसे असतात.

८. वर्षातून एकदा येणारे खर्च

विमा, पासिंग आणि टायर अचानक येत नाहीत. त्यांची तारीख आधीच ठरलेली असते. २०२२ च्या दरपत्रकानुसार २० ते ४० टनांच्या मालवाहू गाडीचा एकट्या थर्ड पार्टीचा हप्ता ४३,९५० रुपये आहे. वर सांगितलेले महिन्याचे ११,००० रुपये आणि टायरचे किलोमीटरमागचे अडीच रुपये वेगळ्या खात्यात टाकावेत, आणि त्या खात्याचे कार्ड गाडीत ठेवू नये.

येथे थांबावे आणि कर सल्लागाराकडे किंवा बँकेकडे जावे. विवरणपत्र स्वतः भरण्याचा प्रयत्न करू नये, पण ते टाळूही नये. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एई मधली आणि नव्या कायद्यातही ठेवलेली तरतूद छोट्या गाडीमालकासाठी सोयीची आहे. १२ टनांवरच्या गाडीचे उत्पन्न टनामागे महिन्याला १,००० रुपये धरले जाते, म्हणजे २८.५ टनांच्या एका गाडीचे वर्षाला ३,४२,००० रुपये. दुसरे उत्पन्न नसेल, तर त्यावर कर बसत नाही, आणि सलग तीन वर्षांची विवरणपत्रे असली, की खासगी वित्तसंस्थेऐवजी बँकेचे दार उघडते. दोन्हींच्या व्याजातला फरक महिन्याच्या हप्त्यात स्पष्ट दिसतो.

एक हप्ता चुकला आणि दुसराही चुकेल असे दिसत असेल, तर वसुलीच्या फोनची वाट पाहू नये. ९० दिवस थकल्यावर खाते एनपीए (बुडीत होऊ घातलेले कर्ज) होते आणि त्यानंतर बोलणी करण्याची जागा फारशी राहत नाही. त्याआधी तीन महिन्यांची वही, येणे बाकीची यादी आणि पुढच्या फेऱ्यांच्या नोंदी घेऊन शाखेत जावे, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. जुना हप्ता भरण्यासाठी त्याच गाडीवर वाढीव कर्ज घ्यायला सांगणारा कोणी भेटला, तर सही करण्यापूर्वी ते कागद सल्लागाराला दाखवावेत.

वरच्या सगळ्या दुरुस्त्या करूनही सलग तीन महिने किलोमीटरचा खर्च भाड्याच्या वरच राहत असेल, तर गाडी विकण्याचा विचार पासिंग आणि विमा शिल्लक असतानाच करावा, कारण चालू कागदांच्या गाडीला मिळणारी किंमत ओढून नेलेल्या गाडीला मिळत नाही. विकताना वित्तसंस्थेकडून ना हरकत दाखला आणि कर्ज फिटल्याचा सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यावा आणि आरटीओमध्ये कर्जाची नोंद काढून घ्यावी. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचे कागद हातात येईपर्यंत फास्टॅग आपल्याच खात्याला जोडलेला ठेवू नये. ताबा दिला त्याच दिवशी तो बंद करावा.